माझी वाक्यं पूर्ण करणारे

एप्रिल लागला की आमच्या अंबरपेठच्या गल्लीत मुलं मोठ्याने पाठ करायला लागतात. समोरच्या गच्चीवर एक मुलगी फेऱ्या मारत विज्ञानाच्या व्याख्या घोकते, तिच्या खालच्या मजल्यावर कुणी तेलुगूत सनावळी म्हणत असतं, आणि मध्येच कोणाच्या तरी कूलरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येतो. कडुनिंबाचा मोहोर गळून जिन्यावर पसरलेला असतो, आणि चपलेखाली आला की त्याचा बारीक कडवट वास सुटतो. दुपारी ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या भिंतीचा रंग सांगता येत नाही. त्या उन्हातही घोकणं चालूच राहतं. शब्द तोंडातून असे फुकट सांडताना ऐकले की मला अजूनही उधळपट्टी बघितल्यासारखं वाटतं.

मी अडखळते. सिनेमात विनोदासाठी ठेवतात तसं नव्हे. शब्द पूर्ण तयार होऊन दातांपर्यंत येतो आणि तिथे दार बंद असतं. मी आतून ढकलत राहते, समोरचा बाहेरून बघत राहतो. मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी, माझं अडखळणं कुठल्याच भाषेला सवलत देत नाही. 'म'ने सुरू होणारे शब्द सगळ्यात वाईट, आणि घरच्यांनी हौसेने माझं नाव मंजिरी ठेवलं आहे.

दार बंद असताना माणसं काय करतात, हे बघायला मला भरपूर वेळ मिळाला आहे. काही जण जमिनीकडे बघतात. काही भराभर मान हलवतात, जणू त्या हलण्याने शब्द माझ्या तोंडातून गळून पडणार आहे. आणि काही जण माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतात. हे शेवटचे सगळ्यात प्रेमळ असतात. मला सगळ्यात नकोसे तेच वाटतात. आई पण त्यांच्यातलीच, पण ती निदान बरोबर पूर्ण करते.

शाळा इंग्रजी माध्यमाची होती. वर्गात मी कधी हात वर केला नाही. वार्षिक परीक्षा आली की मात्र मी आतून सैल व्हायचे. शिक्षक सगळ्या वर्गाला गप्प बसवून, कोऱ्या कागदांचा गठ्ठा समोर ठेवून, घंटा वाजवून सांगायचे, आता लिहा. कागदावर मी कधी अडखळले नाही. इतर मुलींना परीक्षेच्या दिवसांत ताप यायचा. मला भूक लागायची. आबिड्सच्या जुन्या दुकानातून आई नवी पेनं आणायची, ती मी आदल्या दिवशी कागदावर गोल गोल फिरवून बघायचे, आणि त्या शाईच्या वासाने मला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. परीक्षेचा मोसम हा माझा मोसम होता. तो माझ्याकडून कसा काढून घेतला गेला, आणि तोही किती गोड आवाजात, ते या आठवड्यात पुन्हा आठवलं. कारण विद्यापीठाच्या माहितीपत्रकात माझा फोटो छापून आला आहे.

फोटोत मी तोंड उघडं ठेवून बसले आहे आणि शेजारी एक मुलगी लिहिते आहे. खाली लिहिलंय की कक्षाच्या मदतीने या विद्यार्थिनीला आपला आवाज सापडला. मी फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "तोंड तरी मिटल्यावर काढायचा." मग चष्मा लावून मजकूर वाचला आणि पत्रक तव्याखाली ठेवलं, गरम तवा ओट्यावर टेकायला.

कक्ष म्हणजे समान संधी कक्ष. मी इतिहासात एम.ए. करत होते आणि शेवटच्या सत्रात प्रबंधावर तोंडी परीक्षा होती, सगळे म्हणतात तशी व्हायवा. माझा प्रबंध शहरातल्या जुन्या बावड्यांवर होता, पायऱ्या उतरून जायच्या त्या खोल विहिरींवर. त्या कशा बंद झाल्या, हे मी वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडले होते. त्या कामात बोलणं थोडं आणि ऐकणं पुष्कळ, म्हणून मला ते जमलं. मांडणी माझी होती, आणि ती मला माझ्याच तोंडाने मांडायची होती. एवढंच. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. वेळ थोडा जास्त, आणि मध्येच कुणी माझं वाक्य पूर्ण करू नये.

मी कक्षात गेले. दारावर रंगीबेरंगी हातांचं पोस्टर होतं. कोपऱ्यात एक चाकांची खुर्ची होती, कोरी, अंगावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. तपासणी समिती येते तेव्हा ती व्हरांड्यात आणून ठेवतात आणि समिती गेली की आत घेतात. ज्यांना ती लागते, ते इतर दिवशी मित्रांच्या खांद्यावर येतात. खुर्ची मळली तर पुढच्या समितीला काय दाखवायचं, हा प्रश्नच आहे.

कक्षाच्या प्रमुख वसुंधरा मॅडम. सुती साडी, मोठी टिकली, आवाज साखरेच्या पाकासारखा. त्या माझ्याशी फार हळू आणि फार मोठ्याने बोलतात, आणि इकडे पोरींना लाडाने म्हणतात तसं मला अम्मा म्हणतात. मला ऐकू येतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लागणारा वेळ त्या देणार नव्हत्या.

"मॅडम, व्हायवाला मला," इथपर्यंत मी पोचले आणि दार बंद झालं.

"यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "कळलं, अम्मा. मला सगळं कळतं. तू टेन्शन घेऊ नकोस."

मी हात सोडवून घेतला आणि पिशवीतून कागद काढून लिहून दिलं: मला यायचं आहे, वेळ जास्त हवा आहे. मॅडमनी कागद वाचला, "ब्रेव्ह गर्ल" म्हणाल्या आणि तो कागद खाजासाहेबांकडे सरकवला. खाजासाहेब कक्षाचे कारकून. पान चघळत कॉम्प्युटरकडे बघत बसलेले.

"ज्यादा टाइम सीधा नईं मिलता अम्मा," ते म्हणाले. "रायटर लेना पडता. रायटर लिए तो टाइम उसके साथ आता."

रायटर म्हणजे लेखनिक. आपण सांगायचं, त्याने लिहायचं. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी ती सोय आहे.

"मेरेकू लिखना आता," मी म्हणाले. हे वाक्य एका दमात बाहेर पडलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"हौ, आता होंगा," खाजासाहेब म्हणाले. "मगर कॉम्प्युटरकू नईं मालूम ना."

कॉम्प्युटरला अपंग विद्यार्थी एकाच प्रकारचा माहीत होता. रायटर घेतला तर सगळ्याच परीक्षांना जास्त वेळ, लेखीला आणि व्हायवालाही. रायटर नाकारला तर माझं नावच यादीतून जाणार आणि व्हायवाला मला सगळ्यांइतकाच वेळ मिळणार. मॅडम म्हणाल्या, मिळतंय ते घे, नाही म्हणू नये. अशा रीतीने, जिला बोलता येत नाही पण लिहिता येतं, तिच्या लेखी परीक्षेसाठी त्यांनी अशी सोय केली की तिने सगळी उत्तरं बोलून दाखवायची.

आईने हे ऐकलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. तिने सरकारी खात्यात जन्म काढला आहे, तिला सहसा कशाचं नवल वाटत नाही. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "लिहिता येणाऱ्या पोरीला लिहून देणारी? खुळे, हौले आहेत का हे लोक?" मग म्हणाली, "मी येते उद्या. बघते त्यांना." मी नको म्हटलं. आई तिथे आली असती तर माझ्या वतीने बोलणारं आणखी एक माणूस वाढलं असतं.

त्या वर्षीचं ऊन वेगळंच होतं, की मला तसं वाटलं. लेखी परीक्षेला मला इतरांपासून वेगळं, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसवलं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, पंखा दर फेरीला कुरकुरायचा आणि खिडकीतून गुलमोहराची एकच फांदी दिसायची, भडक, निर्लज्ज. रायटर म्हणून आलेली मुलगी रुबीना. मलकपेठेत राहणारी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. रायटर त्या विषयाचा नसावा असा नियम आहे, म्हणून कॉमर्सची. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"हात तो अच्छे हैं तुमारे," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"फिर मैं कायकू आई?"

याचं उत्तर मला लिहून देता आलं असतं. मी टेबलावरचं पेन उचललं तर पर्यवेक्षक सर खुर्चीतून उठलेच. रायटर असलेल्या विद्यार्थ्याने पेनाला हात लावायचा नाही. लावला तर लिहिता येतं हे सिद्ध होतं, आणि लिहिता येत असून रायटर घेतला म्हणजे गैरप्रकार. सरांनी हे शांतपणे, हात मागे बांधून समजावून सांगितलं. त्यात काही विचित्र आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

मग सुरू झालं. मला येत असलेलं उत्तर वेगळं आणि मला बोलता येण्याजोगं उत्तर वेगळं. 'मनसबदार' म्हणायचं तर पाव तास जाणार, म्हणून मी सांगितलं, "तो अधिकारी, ज्याला घोडे पाळायला पगार मिळायचा." 'मॉनर्की' टाळून "राजाचं राज्य". 'मिलिटरी' टाळून "लढाईची तयारी". सोपे प्रश्न सोडून मी कठीण घेतले, कारण कठीण प्रश्नांत 'म' कमी होता. तयार, नेमकी, घट्ट वाक्यं डोक्यात रांगेने उभी होती आणि मी त्यांच्याऐवजी त्यांची बावळट भावंडं एकेक करून बाहेर पाठवत होते. रुबीना एकदा माझा शब्द ओळखून लिहायला गेली तर सर म्हणाले, "नो. ती बोलेपर्यंत लिहायचं नाही. ती मदत होते."

तेव्हापासून रुबीना थांबायची. तिला माझी दया आली नव्हती, कंटाळा आला होता. कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात ती मेंदीची नक्षी काढत बसायची आणि शब्द बाहेर पडला की नक्षी सोडून लिहायला लागायची. माझ्याकडे बघायची सुद्धा नाही. त्या सगळ्या मोसमात मला सगळ्यात सोयीची वाटली ती तिची ही बेपर्वाई. कक्षाच्या कुठल्याच पत्रकात तिची नोंद सापडणार नाही.

पेपर संपल्यावर आम्ही फाटकाबाहेर मोसंबीचा रस प्यायलो. बर्फाचा भुगा दातांना लागत होता. रुबीना बोटं मोडत म्हणाली, "पेपर तुमे दिए की मैं दी? मेरा हात टूट गया, तुमारा गला. कोन पास हुआ तो पार्टी कोन देंगा?" मी हसले. मग ती म्हणाली, "एक बात बोलूं? तुमारे जवाब बच्चों के जैसे हैं. बुरा नक्को मानो." मी वाईट वाटून घेतलं नाही. तिचं बरोबर होतं. कागदावर आयुष्यात पहिल्यांदा मी अडखळले होते, आणि ते तिच्या सुबक अक्षरात.

याच दिवसांत कक्षाने संवेदना दिवस साजरा केला. लेखी संपली होती, व्हायवा बाकी होती. सभागृहात वातानुकूलन चालू असल्यामुळे गर्दी बरी होती. मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना चालायला लावलं. ती एकमेकांवर आदळून खिदळत होती. मग मॅडमना कल्पना सुचली. आता प्रत्येकाने अडखळत आपली ओळख करून द्यायची. एकेक जण माइकवर येऊन जमेल तसं अडखळला. कुणी डोळे फिरवले, कुणी मान झटकली. हशा झाला, तोही प्रेमळ. शेवटी मॅडम स्वतः अडखळल्या. मेहनत घेतली होती त्यांनी. टाळ्या थांबल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि माइकमधून विचारलं, "मंजिरी, तू सांग. कुणाचं जास्त खरं वाटलं?" सगळं सभागृह माझ्याकडे वळून बसलं. मी समोशाची बशी मांडीवर धरून होते. मला काही बोलायची गरज पडली नाही. मॅडमनीच सांगितलं, "ती भावुक झाली आहे."

मला तिरस्कार हा शब्द मराठीत आवडतो. इंग्रजीतला शब्द थंड वाटतो, यात जरा ऊब आहे. मी इंग्रजी शाळेतली मुलगी, मराठी वाचायला उशिरा, आईच्या जुन्या दिवाळी अंकांवर शिकले. तिथे हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मोठ्याने म्हणून बघितला. कुठेही न अडता बाहेर आला. त्या सभागृहात मी तो मनात नीट, सावकाश म्हणत बसले.

व्हायवा जवळ आली तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांनी एक मार्ग काढला होता. मी व्हायवाला यायचंच नाही. सगळ्यांची सरासरी काढून तेवढे गुण मला द्यायचे. विभागप्रमुखांशी त्या बोलल्या होत्या.

"तुला त्रास कशाला, अम्मा? तुझं काम चांगलंच आहे."

"तुम्ही वाचलंत?" हे मी कागदावर लिहून विचारलं.

मॅडम हसल्या. "वाचायला कशाला पाहिजे? मला माहीत आहे ना तू किती कष्ट घेतलेस."

मी लिहिलं: मी येणार. मॅडमनी सुस्कारा टाकला, जसा एखाद्या मुलाने उन्हात खेळायला जायचा हट्ट धरल्यावर टाकतात. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण आधाराला मी बसेन.

त्या बसल्या. माझ्या शेजारी, खुर्ची माझ्या खुर्चीला टेकवून. समोर विभागप्रमुख आणि बाहेरगावहून आलेले परीक्षक, सुकलेल्या चेहऱ्याचे, कुरतडलेल्या नखांचे गृहस्थ. त्यांच्यासमोर माझा प्रबंध होता आणि त्यात कागदाचे कपटे खोचलेले होते. माझ्या लिखाणात कुणी एवढे कपटे खोचलेले मी कधी बघितले नव्हते. खिडकीबाहेर कावळा तोंड उघडं टाकून बसला होता. उन्हाने त्यालाही बोलवत नव्हतं.

परीक्षकांनी विचारलं, बावड्या बंद का पडल्या?

माझी मांडणी अशी होती की नळ आले आणि लोक विहिरीवर जायचे थांबले. मी बोलायला लागले. पहिलं वाक्य अर्ध्यावर अडलं. विभागप्रमुख घड्याळाकडे बघू लागले. माझ्या शेजारी साडी सळसळली आणि मॅडम म्हणाल्या, "प्रदूषण. तिला म्हणायचंय की पाणी दूषित झालं."

"नो," मी म्हणाले.

हा शब्द लहान आहे आणि माझ्या बाजूचा आहे. मग मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वेळ लागला. किती ते मी बघितलं नाही. पलीकडच्या खोलीतून जेवणाच्या ताटांचा आवाज यायला लागला, विभागप्रमुखांनी खुर्चीत अंग हलवलं, मॅडमचे ओठ माझ्या शब्दाच्या आकारात आधीच जाऊन बसलेले मला कडेने दिसत होते. मी परीक्षकांच्या नखांकडे बघत बोलत राहिले. नळ. वस्त्या. म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेल्या हकिकती. शेवटी पूर्णविराम आला.

परीक्षक म्हणाले, "मला हे पटत नाही."

मॅडम पुढे झुकल्या. "सर, ती स्पेशल कॅटेगरीतली आहे."

"ते मला माहीत आहे," परीक्षक त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मग मला म्हणाले, "नळ हे निमित्त आहे. जमीन महाग झाली म्हणून विहिरी बुजवल्या. तुम्ही जमिनीकडे बघितलंच नाही."

मला आठवतं, माझ्या कानशिलात ऊन चढलं. ते रागाचं होतं आणि आनंदाचंही, दोन्ही वेगळं काढता आलं नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी शाबासकी दिली होती. तुझं चुकतंय, असं माझ्या वाक्याला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्यासाठी आधी वाक्य ऐकावं लागतं.

मी भांडले. ज्या वस्त्यांत मी गेले, तिथे विहिरी बंद झाल्या तेव्हा जमिनीला कुणी विचारत नव्हतं, असं मी म्हटलं. म्हणजे म्हणायला फार वेळ घेतला. ते मध्ये पडले नाहीत, पण हसलेही नाहीत. दोन वस्त्यांवरून शहर ठरत नाही, असं म्हणाले आणि पुढचा कपटा काढला. शेवटपर्यंत त्यांना माझं पटलं नाही. आता मला वाटतं, जमिनीचं त्यांचं म्हणणं निम्मं तरी खरं होतं.

गुण कमी आले. मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं, त्या खरोखर दुखावल्या होत्या. "मी बोलते त्यांच्याशी. अशा मुलांशी असं वागतात का? सरासरीइतके तरी करून घेऊ आपण. तू काळजी करू नकोस." त्यांनी फोन बाहेर काढलाच होता.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि दार बंद झालं.

"थँक यू म्हणायचंय," मॅडम म्हणाल्या. "कळलं, अम्मा."

मी मान हलवली, नाही म्हणून. हात काढला नाही. व्हरांड्यातून मुलं जात होती, वळून बघत होती. मॅडमनी आणखी एकदा माझ्यासाठी एक वाक्य शोधलं, तेही चुकीचं निघालं, मग त्यांच्याकडची वाक्यं संपली. त्या पहिल्यांदाच काही न बोलता उभ्या राहिल्या, फोन हातात, नजर कुठे ठेवावी ते न कळून. मी घाई केली नाही.

"ते गुण माझ्या उत्तराला दिलेत," मी म्हणाले. "राहू द्या."